गृहभेटी बंद, असा कागद दारावर लावणाऱ्या साहेबांना

प्रति,
मानसिक आरोग्य सेवेचा कारभार पाहणारे मा. अधिकारी,
पुणे.

विषय: समाजसेवा अधीक्षकांच्या बंद केलेल्या गृहभेटींबाबत.

सविनय नमस्कार.

मागच्या मंगळवारी भावाला घेऊन रक्त तपासायला आले होते. मानसोपचार ओपीडीच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाशेजारी जी लहान खोली आहे, तिला कुलूप होतं आणि दारावर कागद होता. ‘गृहभेट व कुटुंब समुपदेशन सेवा पुढील आदेशापर्यंत बंद. आवश्यकता भासल्यास हेल्पलाइनवर संपर्क साधावा.’ खाली सही नाही, तारीख नाही, जावक क्रमांक नाही. चिकटपट्टी मात्र चारी बाजूंनी नीट लावलेली. भावाने तो कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, “ताई, पुढील म्हणजे कधी?”

मला सांगता आलं नाही. म्हणून तुम्हाला विचारते आहे.

तसे याआधी दोन अर्ज दिले आहेत. मी पुण्यात वाढलेली, त्यामुळे तक्रार लेखी करायची आणि झेरॉक्सवर पोहोच घ्यायची एवढं उपजत येतं. दोन्ही प्रतींवर गोल शिक्का आहे. उत्तर एकाचंही नाही. तेव्हा आता हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथले डॉक्टर, नर्स, वॉर्डातल्या मावशी, कोणावरच माझा राग नाही. एका सकाळी शंभराच्या आसपास केसपेपर उपसणाऱ्या डॉक्टरांकडून मी आणखी कसली अपेक्षा करू? माझं म्हणणं आहे ते, तो कागद ज्यांच्या तोंडी हुकमावरून लागला त्यांच्याशी.

माझा या प्रकरणात काय संबंध, ते आधी सांगते. सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्यात तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांचे डबे करते. दोन्ही वेळचे मिळून साठ. घरात आई, मी आणि धाकटा भाऊ. भाऊ आता 38 वर्षांचा आहे. आयटीआय करून तो चाकणच्या एका कारखान्यात लागला होता. बाविसाव्या वर्षी रात्रपाळीत त्याला मशीनच्या घरघरीत स्वतःचं नाव ऐकू येऊ लागलं. मग मशीन बंद असतानाही येऊ लागलं. आम्ही त्याला दोनदा गाणगापूरला नेलं, एका देवऋषीला गाठलं, दीड वर्ष त्यातच गेलं. स्किझोफ्रेनिया हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला तेव्हा आईने विचारलं होतं, “म्हणजे टायफॉइडसारखं काही का?”

पहिल्यांदा त्याला भरती केलं आणि दीड महिन्याने घरी सोडलं तेव्हा आमच्या हातात तीन गोष्टी दिल्या: डिस्चार्ज कार्ड, पंधरा दिवसांच्या गोळ्या, आणि ‘नियमित घ्यायला सांगा’ हे वाक्य. आम्ही सांगत राहिलो. तो घेत राहिला, म्हणजे आम्हाला तसं वाटत राहिलं. तीन महिन्यांत आजार उलटला. पुढे दिवाळीत आवराआवर करताना ओसरीवरच्या लाकडी खांबाला किडीने पडलेल्या भोकातून मी गोळ्या काढल्या. पांढऱ्या, पिवळ्या, काही विरघळून खांबाला चिकटलेल्या. चाळीसपर्यंत मोजल्या आणि मग मोजायचं सोडून दिलं.

दुसऱ्या वेळी घरी सोडलं, त्याच्या नवव्या दिवशी मॅडम घरी आल्या.

मॅडम म्हणजे समाजसेवा अधीक्षक, रुग्णालयातल्या समाजसेविका. पदनामातला ‘अधीक्षक’ ऐकून मोठी केबिन, टेबलावर काच असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. त्यांच्या वाट्याला ती पिंपाशेजारची खोली होती. शनिपारला बसमधून उतरून, विचारत विचारत त्या वाड्यात आल्या. चपला काढून थेट स्वयंपाकाच्या खोलीत पिठाच्या डब्याजवळ खाली बसल्या. सकाळचे दहा वाजले होते, माझ्या तव्यावर पोळी होती, उठायची सोय नव्हती. त्या म्हणाल्या, “तुमचं चालू द्या, मी बसते.” फाईल त्यांनी उघडलीच नाही. तूपगुळाची पोळी खाल्ली आणि तास-सव्वा तास नुसतं आमचं घर बघितलं.

मग विचारलं, हा झोपतो कुठे? मी खाट दाखवली. खाट भिंतीला लागून, आणि भिंतीपलीकडे वाड्याची पाण्याची मोटर. पहाटे साडेचारला ती सुरू होते आणि अर्धा तास घरघरत राहते. त्यांनी भावाला विचारलं, “आवाज साधारण कधी सुरू होतात?” तो म्हणाला, पहाटे. आम्ही तिघं त्या घरात वर्षानुवर्षं राहत होतो. रात्रपाळीतली मशीन आणि ही मोटर यांची सांगड कोणाच्या डोक्यात आली नव्हती. खाट त्याच दिवशी समोरच्या भिंतीला सरकली. आवाज थांबले असं मी म्हणणार नाही, ते आजही पूर्ण थांबलेले नाहीत. पण पहाटेची त्याची ती दचकून उठायची तऱ्हा गेली.

दुसरी गोष्ट उशीची. उशीचा अभ्रा ओला आणि त्यावर पिवळट डाग. क्लोझापिन, म्हणजे भावाला चालू असलेली स्किझोफ्रेनियावरची गोळी, घेणाऱ्या पुष्कळांना रात्री तोंडातून खूप लाळ गळते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. भावाला त्याची इतकी लाज वाटायची की तो रात्रीची गोळी अधूनमधून चुकवायचा. ओपीडीत डॉक्टरांसमोर, मागे वीस माणसं उभी असताना, तो हे बोलणं शक्यच नव्हतं. मॅडमनी उशी उलटी करून पाहिली आणि हळूच त्याला म्हणाल्या, “हे गोळीमुळे होतं बरं का, तुझ्यामुळे नाही.” पुढच्या तारखेला डॉक्टरांनी गोळीच्या वेळा आणि मात्रा बदलल्या. उशीवर टॉवेल टाकायचा हे मॅडमनीच सांगितलं.

आणि आईची काडेपेटी. आईचा दिवस ‘उठ रे’ने सुरू व्हायचा. उठ, दात घास, आंघोळ कर, असा काय बसलायस, शेजारचा बघ कुठल्या कुठे गेला. मॅडमनी आईला वाद घालून काही समजावलं नाही. काडेपेटी आणि एक वाटी तिच्यापुढे ठेवली. त्याला जेव्हा जेव्हा काही बोलाल, तेव्हा वाटीत एक काडी टाका, एवढंच. रात्री वाटीत 34 काड्या निघाल्या. आई बराच वेळ त्या वाटीकडे बघत बसली होती. पुढच्या भेटीत मॅडमनी सांगितलं की इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्राऊन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात इस्पितळातून सुटलेल्या अशा रुग्णांचा माग काढला, तेव्हा आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांपेक्षा खोली घेऊन वेगळे राहिलेले पुरुष पुन्हा कमी भरती झाले होते. घरच्यांचं प्रेम कमी पडलं म्हणून हे झालं नव्हतं, काळजीपोटी होणारी टोचणी जास्त होती म्हणून झालं. आई त्यावर म्हणाली, “म्हणजे मी गप्प बसू?” मॅडम म्हणाल्या, “नाही, दहा काड्या चालतील.”

पुढे त्यांनीच भावाला पोळ्यांवर बसवलं. दहा-दहाच्या चळती लावायच्या, फॉइलमध्ये बांधायच्या, डब्यावर चिठ्ठी चिकटवायची. मोजताना डोक्यातले आवाज मागे पडतात, असं तो म्हणतो. निळ्या पुठ्ठ्याची शंभरपानी वही करून दिली: झोप किती, गोळी घेतली का, पोळ्या किती बांधल्या. दर महिन्याला त्या ती वही बघायच्या आणि मग डॉक्टरांशी बोलायच्या. दिव्यांग प्रमाणपत्राचे कागद, संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी तहसीलदार कचेरीत कुठल्या खिडकीला उभं राहायचं, हेही त्यांनीच सांगितलं. गाणगापूरला पुन्हा जायचा विषय आईने काढला तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “जाऊन या. गोळ्या बरोबर न्या.”

वाड्यातल्या लोकांशीही त्या ओट्यावर बसून बोलल्या. कोणाला कधी वेडा ठरवायचं झालं की पुण्यात ‘येरवड्याला पाठवा’ असं म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे, आणि आमच्या वाड्यातही ते म्हणून झालं होतं. मॅडमच्या बोलण्याने सगळे बदलले असं नाही. जिन्याखालच्या काकू अजूनही भाऊ दिसला की दार लोटून घेतात. पण वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी त्याला कॅरम खेळायला बोलवायला सुरुवात केली.

चार वर्षं आणि दोन महिने भावाला भरती करावं लागलं नाही.

मग काय झालं ते तुमच्या कागदपत्रांत सापडेल. नोंदणी खिडकीवरच्या कारकुनाचं पद रिकामं होतं, म्हणून मॅडमना आठवड्यातले दोन दिवस तिथे बसवलं. नंतर शिबिरांचे अहवाल भरायला दिले. त्यानंतर दुसऱ्या विभागात प्रतिनियुक्ती झाली आणि त्यांच्या जागी कोणीच आलं नाही. क्लोझापिन ज्यांना चालू असतं त्यांचं रक्त ठरावीक दिवसांनी तपासावंच लागतं, कारण त्या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या कमी होतात. रिपोर्ट नसेल तर गोळी नाही, हा नियम बरोबरच आहे. पूर्वी तारखेच्या आदल्या दिवशी मॅडमचा फोन यायचा आणि रिपोर्ट पलीकडच्या इमारतीतून त्या स्वतः आणून ठेवायच्या. या खेपेला भाऊ एकटा गेला होता, एकटं जायला त्यांनीच शिकवलं होतं. खिडकीवर सांगितलं, रिपोर्ट नाही, उद्या या. दुसऱ्या दिवशी सुट्टी. तो रिकाम्या हाताने परत आला आणि आपण काहीतरी चुकलो असं वाटून गप्प राहिला. मीही विचारलं नाही. परीक्षा तोंडावर होती, डबे वाढले होते. यात माझी चूक आहे, ती मी तुमच्यावर ढकलत नाही.

चार दिवस गोळ्या नव्हत्या. पाचव्या रात्री तीन वाजता तो अंगणातल्या नळाखाली बसून अंगावर गार पाणी ओतून घेत होता आणि कोणाला तरी ‘येतो, येतो’ म्हणत होता. हे औषध दोन दिवसांहून अधिक खंडलं की पुन्हा अगदी लहान मात्रेपासून चढवावं लागतं, त्यामुळे लगेच पूर्ववत होणं नव्हतंच. 26 दिवस भरती. आणि त्यानंतरच्या पहिल्या तारखेला दारावरचा तो कागद.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी तक्रार अशी की तुम्ही गृहभेटीला वरकड समजलात. जेवणानंतरच्या विड्यासारखी, मिळाला तर बरा. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 18 मध्ये सरकारने कोणत्या सेवा द्यायच्या याची यादी आहे आणि त्यात रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा, घरच्या घरी पुनर्वसन या गोष्टी नावानिशी आहेत. कलम 98 सांगतं की रुग्णाला घरी सोडताना पुढच्या उपचारांची आखणी त्याच्याशी आणि ज्यांच्याकडे तो राहणार त्यांच्याशी बोलून करायची. आमच्या पहिल्या डिस्चार्जच्या वेळी हा कायदा नव्हता, तेव्हाचं जाऊ द्या. या 26 दिवसांनंतर सोडताना मात्र होता, आणि तरी आमच्या हातात पुन्हा कार्ड, पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि तेच वाक्य आलं. ही आखणी समोर बसून करणारा माणूसच तुम्ही दुसरीकडे पाठवलात, मग ती करणार कोण?

आणि कायद्याच्याही आधी ही गोष्ट आपल्याकडे कळलेली होती. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या घरच्यांना तिथेच राहायला बोलावलं होतं. मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाची समाजकार्याची शाळा 1936 साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या बालमार्गदर्शन केंद्रात मानसोपचाराच्या कामासाठी समाजसेवक नेमला गेला. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा दहा वर्षं होती. 1937 साली जे जमलं ते आज ‘पुढील आदेशापर्यंत’ थांबवावं लागतं?

दुसरी तक्रार हेल्पलाइनची. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस सुरू आहे, 14416. मी तो नंबर फ्रिजवर लिहून ठेवला आहे आणि त्या नळाखालच्या रात्री लावलाही होता. पलीकडची मुलगी शांतपणे बोलली, मला काय करायचं ते सांगितलं, तिचे उपकार आहेत. पण तिला खाट कुठे आहे ते दिसत नव्हतं, उशी दिसत नव्हती, खांबातलं भोक दिसत नव्हतं. फोन पेटलेल्या वेळी उपयोगी पडतो. आमच्या घरातलं काम हे पेटू नये म्हणून होतं. आणि मुळात ज्याला आवाज ऐकू येतात, त्याला तुम्ही आणखी एक न दिसणारा आवाज देऊ करता, हे तो कागद टाइप करताना कोणाच्याच लक्षात आलं नसेल?

तिसरी. पद आहे तर माणूस नाही, माणूस आहे तर त्याला काम भलतंच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 साली सुरू झाला. त्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका यांच्याबरोबर समाजसेवकाचं पद धरलेलं आहे, आणि तेही एक. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 94 लाखांच्या वर होती. एका माणसाने त्यात काय काय करावं हा हिशेब मी पोळ्यांत केला तरी बसत नाही. त्यातून त्या माणसाला केसपेपर फाडायला बसवलं की संपलंच. बंगलोरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत पाहणी केली (महाराष्ट्र त्यात नव्हता), तेव्हा मानसिक आजार असून उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण निरनिराळ्या आजारांत 70 ते 92 टक्के निघालं. उरलेल्या थोड्यांत आम्ही आहोत. निदान आम्हाला तरी धरून ठेवा.

चौथी तक्रार तुमच्या एकट्यांची नाही, सगळ्या शहराची आहे. पुण्यात ‘समाजसेवक’ हा शब्द फ्लेक्सवर राहतो. वाढदिवस, सोन्याची साखळी, शुभेच्छुकांचे फोटो, खाली ‘युवा समाजसेवक’. त्यामुळे रुग्णालयातल्या समाजसेविका म्हणजे फळं वाटणाऱ्या कोणीतरी बाई असाव्यात, असा समज तुमच्या कार्यालयातही दिसतो. दुसऱ्या अर्जाच्या वेळी मला तिथे सांगण्यात आलं, “अहो, बोलायचंच काम आहे ना, ते कोणीही करेल.” कायद्यातली मनोविकृती समाजसेवकाची व्याख्या वाचा. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, आणि त्यावर मनोविकृती समाजकार्यातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., प्रत्यक्ष रुग्णांबरोबरच्या प्रशिक्षणासह. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था 1963 पासून समाजकार्य शिकवते आहे. म्हणजे हे शिकावं लागतं हे या गावाला साठ वर्षं माहीत आहे. त्यातही एक गुंता आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या नियमांत एम.फिल. बंद केलं आणि या विषयाला 2025-26 पर्यंतच सवलत दिली. कायदा जी पदवी मागतो, ती मिळायचं दार असं अरुंद होत असताना आधीच तयार असलेला माणूस खिडकीवर बसवून ठेवणं म्हणजे घरात एकच मिक्सर असताना त्याचा पेपरवेट करण्यासारखं आहे.

पाचवी गोष्ट माझ्या घरची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. भावाच्या दुसऱ्या भरतीत शेजारच्या खाटेवर पन्नाशीचे एक गृहस्थ होते. बरे झालेले, स्वतःचे कपडे स्वतः धुणारे, दुसऱ्यांना जेवण वाढणारे. घर कुठे विचारलं की फक्त ‘यमाईची जत्रा’ म्हणायचे. मॅडमनी आधी सातारा जिल्ह्यातल्या औंधला फोन लावले, कारण यमाई म्हटलं की औंधच आठवतं. तिथे काही लागलं नाही. मग खेड तालुक्यात कनेरसरला यमाईचं ठाणं आहे हे कळल्यावर त्यांनी तिकडे विचारपूस केली, आणि तिथून दोन गावं पलीकडे एक पुतण्या सापडला. चुलते वारले असं समजून त्याने घरात फोटोला हार घातला होता. तो त्यांना न्यायला आला तेव्हा अख्खा वॉर्ड फाटकापर्यंत गेला होता. घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला इस्पितळात ठेवू नये, असं कलम 19 म्हणतं. बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवल्याबद्दल 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्याला ते थांबवायला सांगितलं होतं. न्यायालय थांबवा म्हणू शकतं. पुतण्या शोधायला कोणीतरी फोन फिरवत बसावं लागतं.

खोलीबद्दल एकच ओळ: तिच्या दाराला आतून कडी नव्हती, आणि रडणाऱ्या माणसासमोर पाणी प्यायला येणाऱ्यांची रांग असायची.

पैसे नाहीत, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी डब्यांचा हिशेब रोज लिहिते, त्यामुळे एवढं कळतं. आमच्या घरच्या एका भेटीला तुमच्या खात्याचा खर्च शनिपारपर्यंतच्या येण्याजाण्याच्या तिकिटाचा होता, आणि मॅडमनी त्याचा प्रवासभत्ता आठ महिने मिळाला नसल्याचं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. 26 दिवसांची एक खाट, औषधं, जेवण, नर्सच्या पाळ्या, यांची बेरीज तुम्हीच करा. माझ्या बाजूचे बंद राहिलेले डबे मी त्यात धरत नाही.

मागण्या साध्या आहेत. समाजसेवा अधीक्षकांचं रिकामं पद भरा. भरती व्हायला वेळ लागणार असेल तर मॅडमची प्रतिनियुक्ती रद्द करून त्यांना मूळ जागी आणा. त्यांना नोंदणी खिडकी, शिबिरांचे अहवाल, मोर्चे-दौरे यांच्या बंदोबस्ताला लावणार नाही, असा लेखी आदेश काढा, त्यावर या वेळी जावक क्रमांक टाका.

भरतीतून घरी गेलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी पंधरा दिवसांच्या आत एक भेट व्हावी. रोज नको, दर आठवड्याला नको, पंधरा दिवसांत एक. प्रवासभत्ता त्याच महिन्यात द्यावा. क्लोझापिनवर असलेल्यांची यादी करून रक्ततपासणीच्या आदल्या दिवशी फोन करायची जबाबदारी कोणा एका नावावर टाका. आणि गोळी चुकली की घरी कळवा, रुग्ण एकटा आला असेल तर जरूर कळवा. अर्थात त्याची परवानगी आधी लिहून घेऊन, कारण त्याच्या आजाराची माहिती त्याची आहे. हे मॅडमनीच मला शिकवलं. मी त्याच्या मागे त्याची वही वाचत होते तेव्हा त्यांनी मला चांगलंच झापलं होतं.

खोलीला आतून कडी बसवा. सुतार मिळत नसेल तर मी पाठवते.

आणि तो कागद काढा. सेवा खरोखरच बंद करायची असेल, तर कोणी, कधी आणि कशासाठी बंद केली ते सहीनिशी लिहून लावा, म्हणजे पुढचं पत्र कोणाच्या नावाने लिहायचं ते कळेल.

पुढच्या मंगळवारी अकरा वाजता आम्ही रक्त द्यायला येणार आहोत. भाऊ आता बरा आहे, हात अजून थोडे थरथरतात, पण कालपासून पुन्हा पोळ्या बांधायला बसलाय. काल तीन चळती केल्या. तीस.

आपली,
एक बहीण
सदाशिव पेठ, पुणे

ता. क. भावाची वही त्या कुलूपबंद खोलीतल्या कपाटात राहिली आहे. निळा पुठ्ठा, शंभरपानी, पहिल्या पानावर त्याने पेनने कारखान्याचं चित्र काढलेलं आहे. 63 पानं भरलेली आहेत. बाकीचं होईल तेव्हा होईल, मंगळवारी वही तरी खिडकीवर काढून ठेवायला सांगा. तो नवी वही घ्यायला तयार नाही.